तासामागे दहा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या काउंटीच्या ग्रंथपाल श्रीमती आयडा सोरेन्सन. व्यासपीठावर बसलेले पास्टर क्विस्ट. आगीचे दोन्ही बंब बाहेर उन्हात उभे करून ही जागा आपल्याला मोकळी करून देणारे अग्निशामक दलाचे प्रमुख डेल रुस्टाड. आजच्या सत्कारमूर्ती, टॉर्विकच्या समुपदेशन केंद्राच्या संस्थापक अर्लिस ओस्टबी. सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्या बायका. आणि माझ्या शेजाऱ्यांनो,

शेजाऱ्यांनो असंच म्हणते, कारण दुसरं काही म्हणण्याची मला मुभा नाही. आज इथे कोण कशासाठी आलं आहे, हे अर्लिसना माहीत आहे, थोडंफार मलाही माहीत आहे, आणि आम्ही दोघी ते आमच्याबरोबर घेऊन जाणार आहोत. मघाशी दारात एक गृहस्थ मला म्हणाले, "मी फक्त केक खायला आलोय हं." मी म्हटलं, "केक छान झालाय." एवढंच. अशा सभेत भाषण करायचं म्हणजे अवघड काम आहे. निरोपाच्या भाषणात आठवणी सांगायच्या असतात, आणि आम्हा समुपदेशकांच्या सगळ्या आठवणी कुलपात असतात.

पण एक आठवण माझी स्वतःची आहे. तिच्यात दुसऱ्या कुणाचं गुपित नाही. ती सांगायला मी अर्लिसची परवानगी मागितली होती. त्या म्हणाल्या, "कशाला उगीच?" मी त्याला नकार धरला नाही. अर्लिस, ही माझी आजची पहिली आगळीक.

हा समारंभ मागच्या जूनमध्ये व्हायचा होता. तुम्हाला निमंत्रणं गेली होती. मग 'समारंभ पुढे ढकलला आहे' एवढं एका ओळीचं पत्र आलं. डेल, तुम्ही मघाशी मेजवानीच्या मांसाकडे बोट दाखवून मोठ्यांदा विचारलंत, "हे हॅम मागच्या वर्षीचंच का?" नाही. मागच्या वर्षीचं हॅम ऑगस्टच्या जत्रेत संपलं, आणि संपवणाऱ्यांत तुम्ही होता. पण प्रश्न बरोबर आहे. मागच्या वर्षी काय झालं? सत्तरी ओलांडलेली बाई, जिने एकोणतीस वर्षं या गावाचं ऐकलं, जिची खोकी बांधून झाली होती, ती का थांबली?

याची उत्तरं गावात तयार होती. मी पोस्टात तिकिटांच्या रांगेत उभी असताना दोन उत्तरं ऐकली.

"खुर्ची सुटत नाही तिला. दुसरं काय?"

"छे रे, खुर्ची कसली! बहिणीशी बिनसलंय. दोघी बहिणी एका घरात? आठवड्यात एकमेकींच्या झिंज्या उपटतील."

"अर्लिस भांडेल? ती तर भांडण ऐकायचे पैसे घेते."

सगळे हसले. मी तिथे उभी होते, चार पावलांवर. मला उत्तर माहीत होतं. मी माझी तिकिटं घेतली आणि बाहेर पडले. ते मला आजवर बोचतं आहे, म्हणून आज बोलते. अर्लिस थांबल्या त्या माझ्यामुळे.

आमच्या कामाची रीत थोडक्यात सांगते. विद्यापीठाची पदवी मिळाली म्हणजे समुपदेशक झालो असं होत नाही. राज्याचं मंडळ आधी तात्पुरता परवाना देतं. त्यावर माणसं भेटायला घेता येतात, पण पूर्ण परवाना असलेल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. असे तीन हजार तास भरायचे. त्यातले निम्मे, दीड हजार, समोरासमोर माणसाबरोबर बसलेले हवेत. बाकीचे टिपणं, फोन, अभ्यास, शाळेत जाणं, असल्या कामांचे. दर आठवड्याला एक पान भरायचं आणि दर गुरुवारी देखरेख करणाऱ्याने त्यावर सही करायची. माझ्या प्रत्येक पानावर अर्लिसची सही आहे. त्या थांबल्या, की मला एक दिवसही कुणाला भेटता येत नाही. आणि अशी सही करू शकणारं दुसरं माणूस इथून एकशेचाळीस मैलांवर आहे, तेही नवं कुणी घेत नाही.

म्हणजे हिशेब असा होता. अर्लिस निवृत्त होण्याआधी माझा पूर्ण परवाना आला, तर आपलं केंद्र चालू राहणार. नाही आला, तर दाराला कुलूप. आणि मग ज्याला ऐकून घेणारं माणूस हवं आहे, त्याने हिमवादळात एकशेचाळीस मैल गाडी चालवायची.

आता मी कशी आहे, ते माझी आई मागच्या रांगेत बसून हसते आहे त्यावरून कळेल. मी नवव्या इयत्तेपर्यंत घरीच शिकले. आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा, आई हीच बाई. घरी शिकवलेल्या तासांची नोंद आईला ठेवावी लागायची. एकदा तिने नोंदवहीत लिहिलं, 'गणित, एक तास'. त्या दिवशी आम्ही पाव भाजले होते. तिचं म्हणणं, वाटीने पीठ मोजलं ते गणितच. मी सात वर्षांची होते. मी इतकी रडले, की तिने खोडून 'पाव, एक तास' असं लिहिलं. आई, हसू नकोस. ते तसंच होतं.

तर मागच्या मेमध्ये मी शेवटचा अर्ज भरत होते. पंधराशे सहा तास समोरासमोरचे. सगळं जमून आलं होतं. अर्जाबरोबर मंडळाची नियमपुस्तिका होती, आणि तिच्या शेवटच्या पानावर शब्दांचे अर्थ दिलेले होते. ते पान कुणी वाचत नाही. मी वाचलं. तिथे लिहिलं होतं की तास म्हणजे साठ मिनिटं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? तास साठ मिनिटांचाच असतो. पण आमच्या धंद्यात तसा तो नसतो. तुम्ही दोन वाजता येता आणि दोन पन्नासला उठता. घड्याळ तुमच्या पाठीमागे असतं, मला दिसेल असं. राहिलेली दहा मिनिटं टिपण लिहायला. साऱ्या देशात आमचे लोक त्याला तासच म्हणतात. अर्लिस म्हणतात, मी म्हणते, फी भरताना तुम्हीही म्हणता. मी दर भेटीपुढे एक तास लिहिला होता. पंधराशे सहा भेटी, पंधराशे सहा तास. मंडळाच्या घड्याळाने ते साडेबाराशेच होत होते. उरलेली दहा-दहा मिनिटं दुसऱ्या रकान्यात जाणार. एकूण बेरीज तेवढीच राहणार, पण समोरासमोरचे अडीचशे तास कमी.

मी कोणाला काही बोलले नाही. एक दिवस नव्हे, नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांबद्दल मला नीट सांगता येणार नाही. मे महिना होता, दिवस लांबत चालले होते. माझ्या खोलीच्या खिडकीतून कोवळा गहू दिसतो, क्षितिजापर्यंत. वारा आला की तो एका बाजूला झुकतो आणि पुन्हा उभा राहतो. एक माणूस उठून जायचा. सोफ्याच्या गादीवर त्याच्या बसण्याचा खळगा तसाच असायचा आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर यायचा. पुढचा माणूस यायला दहा मिनिटं असायची. मी लिहायला हवं होतं. मी त्या खळग्याकडे बघत बसायचे. वाटायचं, ही दहा मिनिटं कुणाची? गेलेल्याची नाहीत, येणाऱ्याची नाहीत. मी ती उचलून आपल्या नावावर लावली, पंधराशे सहा वेळा.

एका दुपारी खुर्चीतच माझा डोळा लागला. मला दिसलं, गव्हात माणसं उभी आहेत. खूप माणसं, कमरेएवढ्या गव्हात, सगळी माझ्याकडे पाठ करून. कुणी काही बोलत नव्हतं. रागावलेलं कुणी नव्हतं. ती फक्त थांबली होती. मी जवळ जायला लागले की गहू झुकायचा आणि ती थोडी पुढे गेलेली असायची. जागी झाले तेव्हा दोनाच्या भेटीला पाच मिनिटं होती आणि माझ्या गालावर वहीचा वळ उमटला होता.

आणि तेव्हा मला अर्लिस आठवल्या. पहिल्या वर्षी मी त्यांना दोन भेटींच्या मधे खिडकीपाशी नुसत्या उभ्या असलेल्या पाहिलं होतं. मला वाटलं, बाई टिपण लिहीत नाहीत. मी विचारलं, "काय बघताय?"

"काही नाही. आत्ता गेला त्याला बाहेर जाऊ देतेय."

"तो गेला की. त्याची गाडीसुद्धा वळली."

"गाडी वळली," त्या म्हणाल्या. "तो अजून इथेच आहे. पुढची बाई आत येईल ती त्याच्यावर बसेल ना. थांब जरा."

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे मीही तशीच उभी राहायला लागले. टिपणं मी घरी जाऊन लिहायचे आणि त्याचे वेगळे तास लावायचे नाही. तेवढं तरी मी केलं होतं, असं मी त्या नऊ दिवसांत स्वतःला सांगत होते. पण अर्जावर जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं, आणि ते मला कळलं होतं.

दहाव्या दिवशी गुरुवार होता. चार वाजता आमची बैठक. मी पुस्तिका उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"किती?"

"अडीचशे. दोनशे एक्कावन्न."

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"कळेल?"

"नाही. मंडळ भेटींच्या वेळा मागत नाही. फक्त बेरीज मागतं."

"मग माझं डोकं का खातेस?"

त्या असं बोलतात, तुम्हाला माहीत आहे. मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "प्रत्येक पानावर तुमची सही आहे. मी खोटं पाठवलं तर ते तुमचंही खोटं होईल. आणि खरं पाठवलं तर केंद्र बंद होईल. मला कळत नाही काय करू. नऊ दिवस मी…"

"नऊ दिवस!" त्या म्हणाल्या. "नऊ दिवस हे घेऊन फिरत होतीस? आणि गिऱ्हाइकांना काय सांगत होतीस, मन मोकळं करा?"

मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची गप्प बसण्याची ताकद तुमच्यापैकी काही जणांना… नाही, ते मी बोलत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या वेळेला नियमात 'भेट' असा शब्द होता. इतक्या भेटी भरा म्हणायचे. पुढे केव्हातरी त्यांनी तास केला. दर दोन वर्षांनी नवी पुस्तिका येते आणि मी ती फडताळात ठेवते. मी ते पान वाचलंच नाही, लिडिया. शिकवणारी मी, वाचलं तू."

"पण लिहिलं मी."

"आणि सही माझी," त्या म्हणाल्या. "सही करणाऱ्याने वाचायचं असतं. ती त्यासाठीच असते."

मग त्यांनी फोन उचलला. मला वाटलं, मंडळाला करताहेत. त्यांनी आयडाबाईंना केला. आयडाबाई, तुम्हाला आठवत असेल. "आयडा, ते हॅम फ्रीजरमध्ये ठेव. नाही, नाही, तब्येत उत्तम आहे. मला इथे थोडं काम राहिलंय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "जुनी पानं काढ सगळी."

एकशेतीस पानं होती. तीन शनिवार आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती दुरुस्त केली. मी जुना आकडा एका रेघेने कापायचे, शेजारी खरा लिहायचे. त्या प्रत्येक दुरुस्तीपाशी आपली आद्याक्षरं घालायच्या. मधे त्या रबार्बचा केक कापायच्या आणि चुरा पानांवर पडला की मला ओरडायच्या. सोबत त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. त्यात माझं नाव शेवटी होतं. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या देखरेखीत एक चूक झाली आहे.' मी म्हटलं, "हे बरोबर नाही." त्या म्हणाल्या, "पत्र माझं आहे. तुझं तू लिही." मीही लिहिलं. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात गेली.

मंडळाने कुणालाही शिक्षा केली नाही. राहिलेले तास भरा, असं चार ओळींचं उत्तर आलं.

राहिलेले तास म्हणजे तीनशे भेटी. पेरण्या चालू होत्या, कुणी येईना. मग कापण्या आल्या. या गावात मनाची दुखणी पीक कोठारात जाईपर्यंत थांबतात, हे मला तेव्हा कळलं. नोव्हेंबरात रस्ते बंद पडायला लागले. मी दर आठवड्याला मोजायचे, एकशेनव्वद राहिल्या, एकशेऐंशी राहिल्या. कुणी भेट रद्द केली की मला आधी आपली संख्या आठवायची आणि मग तो माणूस. त्याची मला लाज वाटायची. एकदा मी हे अर्लिसना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लाज वाटते तोवर ठीक आहे. सांगत जा मला." दर गुरुवारी मी सांगत गेले.

त्यांच्या खोक्यांबद्दल मात्र मी कधी विचारलं नाही. ती त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला लावून होती, वर नावं लिहिलेली. काही नावं 'स्वयंपाकघर', काही 'पुस्तकं', आणि एकावर 'इंगासाठी'. इंगा म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती पश्चिम किनाऱ्यावर राहते, समुद्रावर उघडणाऱ्या खिडकीच्या घरात. अर्लिस निवृत्त झाल्या की दोघी एकत्र राहणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला वाटायचं, वर्षभराने काय बिघडतं? घर काही पळून जात नाही, समुद्र तर नाहीच नाही.

जानेवारीच्या शेवटी माझी तीनशेवी भेट झाली. अर्ज गेला. मंडळ एप्रिलमध्ये बसणार होतं. फेब्रुवारीत एका दुपारी बाहेर सगळं पांढरं होतं, आकाश आणि जमीन यांच्यात रेघ उरली नव्हती. अर्लिस आत कुणाबरोबर तरी होत्या. फोन वाजला. मी उचलला.

"अर्लिस आहे?"

"त्या आत आहेत. निरोप सांगू?"

"तू कोण? ती दहा मिनिटांची मुलगी का?"

मी म्हटलं, "हो, मीच."

"मी इंगा. घाबरू नकोस, मी चावत नाही, दात माझे नाहीत. तिला सांग, दीपगृह गेलं."

मला वाटलं, वादळाने पडलं. मी म्हटलं, "अरेरे. कधी पडलं?"

"पडलं नाही गं. ते तिथेच आहे. मला दिसेनासं झालं. डॉक्टरांनी म्हटलं होतं दीड वर्ष, नऊ महिन्यांतच आटोपलं. आज सकाळी खिडकीत बसले तर नुसता उजेड आहे, त्यात काही नाही. तिला एवढंच सांग. रडत वगैरे सांगू नकोस, ती रडणाऱ्यांना बघून कंटाळलीय."

मी फोन धरून तशीच बसले. खिडकीबाहेरही नुसता उजेड होता, त्यात काही नव्हतं. म्हणजे अर्लिसना माहीत होतं. त्या गुरुवारी चार वाजता, मी पुस्तिकेवर बोट ठेवलं तेव्हा, त्यांना माहीत होतं की बहिणीच्या डोळ्यांत दीड वर्ष उरलं आहे, आणि त्यातलं एक आपण इथे देणार आहोत. त्यांनी फोन उचलून हॅमबद्दल सांगितलं होतं.

दोन पन्नासला त्यांचं दार उघडलं. माणूस गेला. त्या नेहमीप्रमाणे खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी निरोप सांगितला, जसा दिला तसा. त्या वळल्या नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "अर्ज तसाच पाठवला असता. पंधराशे सहा."

"म्हणून," त्या म्हणाल्या.

मग थोड्या वेळाने, काचेकडेच बघत, "आम्ही दोघींनी ठरवलं होतं, एकदा पूर्ण वर्ष त्या खिडकीत बसायचं. तिने दाखवायचं, मी बघायचं. मला समुद्रातलं काही कळत नाही, मी इथली. आता मी बघेन आणि तिला सांगेन. चुकीचं सांगेन, ती ओरडेल. एकोणतीस वर्षं ऐकलं, आता बोलायला शिकते." आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "तीनला तुझ्याकडे कुणी आहे ना? जा. तोंड धू आधी."

शेजाऱ्यांनो, खुर्ची सुटत नव्हती असं नाही. बहिणीशी बिनसलेलं नव्हतं. या गावाचं दार उघडं राहावं, आणि त्या दारावर खरा आकडा असावा, यासाठी या बाईने जे दिलं ते मंडळाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. चूक माझी होती. गप्प राहिले तीही मीच, पोस्टात आणि इतर ठिकाणी. तुम्ही जे बोललात ते न कळता बोललात. मी कळून गप्प बसले. ते आज इथे सगळ्यांसमोर सांगितलं नसतं, तर उद्यापासून त्या खोलीत बसायचा मला हक्क नव्हता.

अर्लिस हात हलवून मला खाली बसायला सांगत आहेत. बसते. एकच सांगायचं राहिलं आहे.

गेल्या मंगळवारी टपालाने परवाना आला. अर्लिस बँकेत गेल्या होत्या. पाकीट माझ्या हातात होतं आणि मला काय वाटत होतं ते मला कळत नव्हतं. आनंद म्हणावा तर तो हात लावू देईना. मी इंगाबाईंना फोन लावला. त्यांची माफी मागायची होती. फेब्रुवारीपासून मी ती रोज मनात म्हणत होते. मी म्हटलं, "मी लिडिया. मला तुमची…"

"परवाना आला का?"

"हो. आत्ताच आला."

"मग ते आधी वाच. मला दिसत नाही, मला वाचून दाखवायला लागतं. पहिल्यापासून वाच, गाळू नकोस."

मी वाचलं. राज्याचं नाव, मंडळाचं नाव, माझं पूर्ण नाव, क्रमांक, तारीख. मग ते वाक्य आलं, 'या व्यक्तीस या राज्यात स्वतंत्रपणे व्यावसायिक समुपदेशन करण्याची अनुमती देण्यात येत आहे.'

"स्वतंत्रपणे म्हणजे?" त्यांनी विचारलं. "कुणाच्या सहीशिवाय?"

"हो."

"कुणाच्या देखरेखीशिवाय? उद्यापासून?"

"हो, आजपासूनच."

मग म्हणाल्या, "तर मग आता माझी बहीण पाठवून दे."

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, स्वयंपाकघरातल्या बायकांनी भांडी वाजवायची थांबवली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, अर्लिसना जे बोललेलं आवडलं नसेल ते मी बोलले असेन, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मला सांभाळून घ्या. ज्या चुका मोजता आल्या त्या मी मोजून सांगितल्या. न मोजता आलेल्या अजून आहेत, त्या माझ्याजवळ राहतील.

अर्लिस, गाडी भरून झाली आहे. डेल आणि पास्टरांनी खोकी चढवली आहेत. खोलीची किल्ली माझ्याजवळ आहे आणि सोमवारी नऊ वाजता माझ्याकडे कुणीतरी येणार आहे.

जा तुम्ही.